चौदा नंबरचा अलार्म

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चौदा नंबरचा अलार्म वाजला.

वाळवंटातल्या वर्गला शहरात, आमच्या कंट्रोल रूममध्ये मी एकटीच होते. अकरापासून वाळूचं वादळ सुरू होतं आणि खिडकी तपकिरी झाली होती. आमच्या कंपनीचे तेवीस टँकर दक्षिणेकडच्या तेलविहिरींवर पिण्याचं पाणी नेतात. त्यातले नऊ त्या वेळी रस्त्यावर होते आणि नऊही ड्रायव्हर एकाच चॅनेलवर एकमेकांना विचारत होते, रस्ता दिसतोय का.

टँकरमधल्या रेडिओ सेटवर एक केशरी बटण असतं. ते दाबलं की केबिनमध्ये आवाज होत नाही, दिवा लागत नाही. लुटारू शेजारी बसला असला तरी त्याला कळू नये, म्हणून तशी सोय. माझ्या पडद्यावर मात्र सेटचा नंबर लाल होतो, भोंगा वाजतो आणि त्या केबिनचा माइक दहा सेकंद आपोआप उघडतो.

या बटणाला ड्रायव्हरांचे गुडघे लागतात. आठवड्यातून तीनदा तरी लागतात. त्या दिवशी माइक उघडला तेव्हा वाऱ्याचा असा घोंगाट आला की मी स्पीकर बारीक केला आणि चॅनेलवर हाक मारली.

"चौदा, कंट्रोल. तुहामीकाका, ठीक आहात ना?"

"ठीक कसलं! चहाचे दोन ग्लास झाले आणि तिसऱ्याला साखर नाही."

"आहात कुठे?"

"वर्कशॉपमध्ये. तुझ्या खिडकीपासून पन्नास पावलांवर. गाडी जॅकवर, मी केबिनमध्ये. का गं?"

"तुमचा अलार्म आलाय. गुडघा आवरा."

"मबरूका, पोरी, या गुडघ्याने आता जिना चढवत नाही, तो बटणं कुठली दाबतोय!"

चॅनेलवर दोघंतिघं हसले. मी अलार्म बंद केला. बंद करण्याआधी ते दहा सेकंद पूर्ण ऐकायचे, असा नियम आहे. मी ऐकले नव्हते.

दोन सतराला तोच नंबर पुन्हा लाल झाला.

या वेळी मी स्पीकर मोठा केला. वारा. वाऱ्यात एक खोकला, अगदी जवळून. मग दाराची कडी उघडल्याचा आवाज, आणि वारा एकदम दुप्पट झाला. त्यानंतर लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी एक धाड, थोड्या वेळाने दुसरी. माइक बंद झाला. इंजिनाचा आवाज त्यात कुठेच नव्हता.

"काका, तुमच्या केबिनचं दार उघडं आहे?"

"बंद आहे. वर्कशॉपचं शटरसुद्धा बंद आहे."

"मग चौदाचा सेट कुठे आहे?"

 मग तुहामीकाकांचा आवाज आला, आधीच्यापेक्षा फार हळू.

"जावयाकडे."

जावई म्हणजे बेलखैर, बावीस नंबरच्या टँकरचा ड्रायव्हर. त्याचा सेट खरखर करत होता, म्हणून निघण्याआधी तुहामीकाकांनी स्वतःचा काढून त्याला बसवून दिला होता आणि त्याचा आपल्या गाडीत लावला होता. चार स्क्रू, दोन वायरी, पाच मिनिटांचं काम. आमचे ड्रायव्हर एकमेकांना स्टेपनी देतात तसे सेट देतात, आणि ऑफिस फॉर्म भरायला लावतं म्हणून ऑफिसला सांगत नाहीत. पण अलार्मबरोबर येतो तो सेटचा नंबर, आणि चॅनेलवर आम्ही हाक मारतो ती ट्रकच्या नंबराने. बेलखैरने मदत मागितली आणि मी त्याच्या सासऱ्याची विचारपूस केली.

"बावीस, कंट्रोल. बेलखैर, बोल."

काही नाही. एक पन्नासला त्याने एक्याऐंशीव्या किलोमीटरवर असल्याचं कळवलं होतं. पुढचा थांबा शहाण्णव किलोमीटरवरची रिग, तेलविहीर खणायचं ठाणं.

मी चॅनेल मोकळं करायला सांगितलं. बाकीचे आठही जण एका शब्दात गप्प झाले. रिगवरचा सुरक्षा अधिकारी लझहर माझा निरोप मिळताच दोन चोवीसला पिकअप घेऊन आमच्या दिशेने निघाला. समोरचा बंपर दिसत नाही, म्हणाला. ताशी वीसच्या वर जाता येत नव्हतं.

तेवढ्यात तुहामीकाका आत आले. डोक्याच्या फेट्यातून वाळू गळत होती.

"पहिला अलार्म मी बंद केला," मी म्हणाले. "न ऐकता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता काय करता येईल ते बोल."

अशा वादळात गाडी सोडून उतरलेल्या माणसाचं काय होतं, ते आम्हा दोघांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी आमचा एक मेकॅनिक सापडला तो त्याच्या गाडीपासून चाळीस मीटरवर. गाडीत पाण्याचे चार कॅन भरलेले होते.

हाक पोहोचवायची अजून एक सोय असते, कॉल अ‍ॅलर्ट. मी तो एका सेटला पाठवला की तो सेट टिंग टिंग करत राहतो, कोणी हात लावेपर्यंत. टिंग टिंग केबिनबाहेर जात नाही. पण सेट तसा लावलेला असेल तर अ‍ॅलर्टसरशी ट्रकचा हॉर्न वाजतो आणि पुढचे दिवे उघडझाप करतात. पाइप जोडायला खाली उतरलेल्या ड्रायव्हरसाठी ते असतं. बहुतेक जण ते बंदच ठेवतात.

"काका, तुमच्या सेटला हॉर्न लावलाय?"

"लावलाय. मला कमी ऐकू येतं ना."

"बावीसमध्ये बसवताना हॉर्नची वायर जोडली होती?"

त्यांनी डोळे मिटले. बोटं हवेत हलली, जणू स्क्रू पिळत होती. "जोडली. लाल... नाही, पिवळी. जोडली, मबरूका. जोडली असणार."

मी अ‍ॅलर्ट पाठवला. पडद्यावर 'पोहोचला' असं आलं. सेट चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर हॉर्न वाजतोय की नाही, ते मला कळायला मार्ग नव्हता.

"इंजिन बंद आहे," मी म्हणाले. "बॅटरी किती टिकेल?"

"जुनी आहे. अर्धा तास. चाळीस मिनिटं."

"बॅटरी उतरली तर सेटही जाईल. तो परत आला तरी आपल्याशी बोलू शकणार नाही. थांबवते मी. मधूनमधून वाजवू."

"मधल्या वेळात तो कुठल्या बाजूला चालेल?"

"काका—"

"तो आलाच नाही तर सेट कोणाला हवाय? वाजू दे!" त्यांनी टेबलावर हात आपटला आणि मग तोच हात दुसऱ्या हातात धरून ठेवला.

मी वाजू दिला. ते बरोबर होतं की चूक, याचा हिशोब मला आजही लागत नाही. बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं. आम्ही घड्याळाकडे पाहत बसलो. दोन चाळीस. दोन पंचेचाळीस. मध्येच काका म्हणाले, "तिला फोन करायचा का?" ती म्हणजे त्यांची मुलगी. मी मान हलवली, नाही.

दोन त्रेपन्नला लझहर बोलला. "ताई, हॉर्न ऐकू येतोय!"

"कुठून?"

"तेच तर कळत नाही. सगळीकडून येतोय. खाली उतरू का?"

"उतरू नकोस! गाडी सोडायची नाही."

दोन अठ्ठावन्न. "ताई, बारीक होत चाललाय."

तीन वाजून एक मिनिट. "ताई, थांबला."

तुहामीकाका भिंतीला टेकून खाली बसले. हॉर्न दोनच कारणांनी थांबतो. कोणी सेटला हात लावला, किंवा बॅटरी संपली. खरं काय ते कळायला एकच मार्ग होता, दुसरा अ‍ॅलर्ट पाठवायचा. सेट मेला असेल तर पडद्यावर 'पोहोचला नाही' येईल, आणि त्यानंतर करण्यासारखं काही उरणार नाही. माझं बोट बटणावर होतं आणि ते दाबलं जात नव्हतं.

"दाब," खालून काका म्हणाले.

दाबलं. पडदा तीन सेकंद रिकामा राहिला. मग आलं, 'पोहोचला'.

"वाजला!" लझहर ओरडला. "अर्धाच वाजला, ताई, कुणीतरी बंद केला!"

"बेलखैर, बोल. बेलखैर."

आधी खोकला आला. बराच वेळ खोकलाच. मग आवाज, तोंडात वाळू असल्यासारखा.

"मी उलटा चाललो होतो. हॉर्न मागे होता आणि मी पुढे चाललो होतो."

"दार लावलंस?"

"लावलं. टँकर रस्त्यावर आडवा उभा राहिलाय, ताई. मागून कोणी आदळेल म्हणून धोक्याचा त्रिकोण ठेवायला उतरलो. दहा पावलं गेलो. वळलो तर ट्रक नाही." दम लागला. "उतरण्याआधी बोलायला जातोय तर लाइन व्यस्त. दोनदा बटण दाबलं. कोणी काही बोललंच नाही."

 काकांनी माझ्या हातातून माइक घेतला.

"ए शहाण्या, सेट माझा आहे. त्यावर रडगाणं नको."

"मामा?"

"हो. लझहर येतोय. काच वाजवेल. तोवर दार उघडायचं नाही."

"किती लांब आहे?"

"जवळ आहे."

"जवळ म्हणजे किती, मामा? मला काहीच दिसत नाही. माझा हातसुद्धा..." आवाज तुटत होता. बॅटरी उतरत होती. "तिला सांगा की—"

"मी काही सांगणार नाही. काय ते तू येऊन सांग. आता बोलत राहा. काहीही बोल."

तो बोलत राहिला. त्रिकोण हरवला म्हणाला, त्याचे पैसे कापतील का म्हणाला, डाव्या डोळ्याने दिसत नाही म्हणाला. दर वाक्यागणिक शब्द कमी पोहोचत होते. लझहर मध्ये बोलला नाही. बोलला असता तर बेलखैरची लाइन अडली असती. तो कुठे आहे, हे त्यामुळे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

तीन बाराला काचेवर टकटक झाली. ती मला वर्गल्यात ऐकू आली.

"आला," बेलखैर म्हणाला.

त्याने माइकचं बटण सोडलं नाही. ते त्याच्या मुठीत दाबलेलंच राहिलं, आणि तो रडत होता ते बॅटरी संपेपर्यंत, जवळजवळ दोन मिनिटं, चॅनेलवर येत राहिलं. रस्त्यावरचे आठही ड्रायव्हर ऐकत होते.