मशिदीचा नळ

औशाजवळच्या जुन्या दगडी मशिदीला लागून किशनरावांचं रान. लातूरहून मृण्मयी नावाची, जुन्या इमारतींचे नकाशे काढणारी पोरगी मशिदीची मापं घ्यायला येऊ लागली, तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. पोरगी कमानी मापून थांबली नाही. भिंतीच्या पायातून निघालेला खापरी नळ हुडकत ती थेट त्यांच्या विहिरीवर आली.

"काका, नळ तुमच्या विहिरीत उघडतोय. नकाशात दाखवते."

"दाखव की," किशनराव म्हणाले, आणि घरी येऊन बायकोवर उखडले. "आज नकाशात नळ, उद्या विहीरच मशिदीची! आपलंच पाणी तिकडं जायचं, आजा सांगायचा."

"मुजावराला इचारा की. चाँदसाब काय परका हाय?" केवळाबाई म्हणाल्या.

"त्योच तिला चहा पाजायलाय!"

दिवस मावळायच्या आत ते विहिरीच्या पायऱ्या उतरले आणि नळाचं तोंड सिमेंटनं लिंपून आले.

दुसऱ्या दिवशी नळातून पाणी कुठून कुठं जातं ते बघायला पोरीनं टँकर मागवला. त्याचा पाइप मशिदीच्या छतावर सोडून तिनं विहिरीकाठच्या किशनरावांना वरून हाक दिली, "काका, विहिरीत पाणी पडतंय का बघा!"

"छतावरचं पाणी माझ्या विहिरीत?"

"हो. उतार तुमच्याकडंच आहे. बांधणाऱ्यांनी पावसाचं पाणी विहिरीत सोडलंय."

किशनरावांनी विहिरीत डोकावलं. पावसाळ्यात विहीर भरायची ती झऱ्यानं, असंच घरात सगळे धरून चालले होते. पण ही गोड बोलून विहिरीवर मशिदीचा हक्क कबूल करून घेते की काय, ही शंका काही जाईना.

"न्हाई पडत," त्यांनी सांगून टाकलं.

तेवढ्यात चाँदसाब ओरडला, "पानी बंद करा! भिंतीच्या पायात मुरायलंय! दगड सुटतील!"

टँकर बंद झाला, पण छतावर तुंबलेलं पाणी उतरतच होतं. किशनरावांनी पहार उचलली. पायऱ्या उतरून दोन घाव घातले, तसं सिमेंट फुटलं आणि गढूळ पाणी त्यांच्या तोंडावर आलं.

वर पाहिलं, तर दोघं काठावर उभी.

"किशनराव, ताजं सिमेंट लावलंव की," चाँदसाब म्हणाला. "आमच्या भिंतीची दया यायला पाहिजे होती."

किशनरावांनी तोंड पुसलं. "पोरी, नकाशात विहीर कुणाची लिवणार?"

"तुमचीच. पाणी मशिदीचं." ती हसली. "नळ कुणी बुजवला, तेही लिहू?"

तिच्या हसण्यावर विश्वास ठेवावा की नाही, ते त्यांना कळेना. ते पाठमोरे झाले आणि नळात उरलेलं सिमेंट खरवडू लागले.