आराबा मावशीच्या भट्टीवर धुरवलेला टोप

मित्रांनो, वकिलाच्या डोक्यावर बसणारा मी केसांचा टोप आहे. तुमच्याकडच्या वकिलांचे माझ्यावाचून अडत नाही. आमच्या घानाच्या मोठ्या न्यायालयात मात्र मी डोक्यावर नसेन तर वकिलाला तोंड उघडता येत नाही. आता मी पत्र्याच्या डब्यात पडून असतो. मला कसर लागली आहे. तिचे मला दुःख नाही. दुःख दुसरेच आहे.

घोड्याच्या शेपटीच्या केसांपासून परदेशातल्या एका दुकानात मी तयार झालो आणि कोबिना एसिलफी या तरुण वकिलाबरोबर इथे आलो. तेव्हा मी पांढराशुभ्र होतो, आणि तीच पंचाईत झाली. टोप जितका पिवळा तितका वकील मुरलेला, असे आमच्याकडे समजतात. मला पाहून अशील दारातूनच मागे फिरत.

मग कोबिनाने एक युक्ती काढली. एसुआनो या कोळ्यांच्या गावात आराबा मावशीची मासळी धुरवण्याची मातीची भट्टी होती. कोबिना शिकत होता तेव्हा तिनेच त्याला जेवू घातले होते.

"मावशी, याला जरा धुरावर धर."

"तारल्यांच्या वर ठेवू की खाली?" तिने न हसता विचारले. "गिऱ्हाइकानं उचलून नेला तर मला बोलू नकोस."

एका दुपारी माझे वय दहा वर्षांनी वाढले. वास मात्र जन्माचा चिकटला. पहिल्याच दिवशी न्यायाधीशांनी खिडक्या उघडायला लावल्या.

पुढे एका बर्फाच्या कंपनीने एसुआनोचा किनारा मागितला. तो रिकामाच पडलेला असतो, असे तिचे म्हणणे होते. खटल्यात गावाची बाजू घेतलेला कोबिना डोक्याला हात लावून भट्टीशी येऊन बसला.

"न्यायाधीशाला मंगळवारी आण, बाळा," मावशी म्हणाली. "बाकी दिवशी इथं कुत्रंही दिसत नाही."

मंगळवार हा समुद्राच्या विश्रांतीचा वार. त्या दिवशी आमचे कोळी होडी लोटत नाहीत. न्यायाधीश आले तेव्हा सगळ्या होड्या वाळूवर होत्या, जाळी पसरली होती आणि मुख्य नाखवा नाना ओटू गावाची भांडणे मिटवत बसला होता. पाय ठेवायला जागा नव्हती. गाव जिंकले. मंगळवारी जन्मलेल्या मुलाचे नाव आमच्याकडे कोबिना ठेवतात. त्यामुळे समुद्राने आपल्याच वाराचा वकील धाडला, असे लोक म्हणू लागले. पोरांनी मला आळीपाळीने डोक्यावर घातले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

त्याच नावलौकिकावर कोबिना निवडून आला आणि मंत्री झाला. त्याच्या दालनात मला काचेच्या कपाटात जागा मिळाली. आल्यागेल्याला तो भट्टीची गोष्ट सांगून हसवी, आणि मीही फुगून बसे.

मग एसुआनोचा किनारा बंदराच्या गोदामांसाठी घेण्याची फाइल आली. वरून घाई होती. हरकती ऐकायला एक दिवस नेमायचा होता.

"कोणता वार ठेवू, साहेब?" चिटणिसाने विचारले.

कोबिनाने कॅलेंडरची पाने उलटली. "गुरुवार," तो म्हणाला. "ऑगस्टमधला."

ऑगस्टात तारलीचा हंगाम असतो. पुरुष समुद्रावर असतात आणि बायका मासळीच्या टोपल्यांशी. त्या गुरुवारी कोणीच आले नाही. कागदावर लिहिले गेले, 'हरकत नाही'.

पुढच्या मंगळवारी आराबा मावशी दालनात येऊन उभी राहिली.

"सगळं कायद्यानं झालंय, मावशी," कोबिना म्हणाला. "नोटीस लावली होती, दिवस दिला होता."

"दिलास खरा. दुसऱ्या कुणी तो वार नेमला असता, तर न कळून नेमला म्हटलं असतं. तुला तर मी सांगितलं होतं, बाळा."

ती माझ्याकडे एकदा पाहून निघून गेली. गाव समुद्रापासून दूर, आत हलवले गेले.

काही वर्षांनी सरकार पडले. कोबिना मला घेऊन नव्या वस्तीत गेला. मावशी अर्ध्या पिंपावर परदेशातून आलेली बर्फाची मासळी धुरवत होती.

"मावशी, मी तुमच्यासाठी पुन्हा कोर्टात उभा राहतो."

तिने मला हातात घेऊन हुंगले. "अजून वास आहे," ती म्हणाली. "आणि उभा राहशील तो कोणाविरुद्ध, वकीलसाहेब?"

तिने त्याला 'साहेब' कधी म्हटले नव्हते. तिने त्याच्यापुढे आंबवलेल्या मक्याच्या पिठाची केंकी आणि मासळीचा तुकडा ठेवला. त्याने तो मान खाली घालून खाल्ला. घरी येऊन त्याने मला डब्यात ठेवले.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, कसरीची गोळी ठेवा, असे मी सांगणार नाही. कोणी विश्वासाने आपले वर्म तुमच्या हाती दिले, तर तेवढे जपा. गुरुवार ठरला तेव्हा मी काचेमागेच होतो, आणि माझ्या अंगाला तिच्या भट्टीचा वास येत होता.