इंजिनाच्या डोक्यावरची चकती

अण्णांचा जन्म लेथवर गेला होता. लोखंड कुठे नडेल आणि कुठे वाकेल हे त्यांना विचारावं. पण मोटारसायकलच्या इंजिनात त्यांना काडीची गती नव्हती. म्हणून रविवारी सकाळी लेकीने गाडी अंगणात उभी केली आणि एका भोकावर घट्ट बसेल अशी चकती करून मागितली, तेव्हा त्यांना आधी भोकच सापडेना.

लेक रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. रोजची ये-जा याच गाडीवर. वेग कमी केला की सायलेन्सरमधून फटाफट बार निघायचे आणि लॅबबाहेर थांबलेली माणसं दचकायची. लॅबच्या ड्रायव्हरने तिला उपाय सांगितला होता: धूर स्वच्छ करण्यासाठी इंजिनाला एक डबी आणि नळ्या लावलेल्या असतात, त्या काढून टाकायच्या आणि भोकं बुजवायची. आवाज बंद.

अण्णा बुचकळ्यात पडले. घरात धूर नको म्हणून याच पोरीने त्यांची बिडी सोडवली होती. पण लेकीपुढे त्यांचं कधी चाललं नव्हतं. त्यांनी माप घेतलं, वर्कशॉपची किल्ली काढली आणि दुपारपर्यंत ॲल्युमिनियमची अशी चकती कातली, की तिच्यात तोंड दिसावं. डबी उतरवली, इंजिनाच्या डोक्यावर चकती बसवली, एअर फिल्टरच्या भोकात रबरी बूच ठोकलं. लेकीने स्टार्टर दाबला.

गाडी आपणहून किंचाळायला लागली. मुठीला कोणी हात लावलेला नाही आणि इंजिन मात्र चौखूर उधळलेलं. आगीतून फुफाट्यात! लेकीने घाईघाईने गाडी बंद केली आणि चकतीकडे पाहिलं. अण्णांना ते लागलं. त्यांनी चकती काढली, घासली, फट बुजवणारं नवीन गॅस्केट घालून पुन्हा आवळली. तरी तेच. लेकीने मग ड्रायव्हरला फोन लावला, तर त्यालाही काही सांगता येईना.

आई चहा घेऊन आली. इंजिनातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण कपडे शिवणाऱ्या बाईची नजर ती, सुटलेला धागा लगेच दिसतो.

"ही बारीक नळी डबीलाच जोडलेली होती ना?" तिने डबीला लोंबणारी नळी उचलून विचारलं. "मग तिचं दुसरं टोक कुठे होतं?"

कार्बोरेटरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला एक छोटं तोंड उघडंच राहिलं होतं. तिथून इंजिन नको ती हवा ओढत होतं. अण्णांनी त्यावर रबरी टोपी चढवली आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. लेक एक चक्कर मारून आली. एकही बार नाही. तिने अण्णांची पाठ थोपटली.

पण अंगणात कच्च्या पेट्रोलचा वास भरला. आईने पदर नाकाला लावला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना कळेना, आपण दुरुस्ती केली की बिघाड.

"हे जे काढलं, ते नेमकं करत काय होतं?" त्यांनी विचारलं.

मग दोघं पायरीवर बसून नळ्यांवरून बोट फिरवू लागले. फिल्टरमधून चांगली हवा डबीत, डबीतून सायलेन्सरच्या वाटेवर. तिथे न जळलेलं पेट्रोल जळायचं. आणि बारीक नळी? वेग कमी झाला की इंजिन तिच्यातून ओढायचं आणि डबीचं दार लागायचं. अण्णांनी नळी तोंडात धरून ओढून पाहिलं. आतली वाट बंद असती, तर हवा अडून जीभ नळीला चिकटायला हवी होती. हवा नुसती येतच राहिली. त्यांनी डबी उघडली. आतला, दार ओढून घेणारा नखाएवढा रबरी पडदा फाटला होता. दारच लागत नव्हतं, वेग कमी झाला तरी हवा सायलेन्सरकडे जात राहायची, म्हणून बार.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," अण्णा म्हणाले.

लेकीने फाटका पडदा बोटावर घेतला. गाडी चालत होती, आवाज गेला होता, उद्या कामावर जायचं होतं. "तुम्ही दिवसभर खपलात, अण्णा. काढायची का चकती?"

ते त्यांनाही ठरवता येईना. शेवटी लेकच म्हणाली, की लॅबच्या दारात खोकणारी माणसं उभी असतात, त्यांच्या तोंडावर हा वास सोडणं तिला जमणार नाही.

गुरुवारी तिने जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून तशीच डबी आणली. या वेळी आधी नळीतून ओढून पाहिलं, जीभ चिकटली. संध्याकाळी अण्णांनी चकतीचे बोल्ट सैल केले. इतकं चोख काम त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. ते उतरवताना वाईट वाटायला हवं होतं. उलट बरं वाटत होतं; ते का, हे मात्र त्यांना काही केल्या उमगलं नाही.