चिठ्ठी नसलेली तार

एकतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. खांबावरच्या डब्यात शेकड्यानं तारा असायच्या आणि प्रत्येक तारेला नंबराची चिठ्ठी. माझा नियम सरळ होता: जिला चिठ्ठी नाही ती तार चोरीची, तोडून मोकळं व्हायचं. यात माझी एकदाही चूक झाली नाही, असं निवृत्तीच्या समारंभात मी छाती फुगवून सांगितलं होतं.

घरातला राउटर मुलीनं बसवलेला. तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती लॅपटॉप उचलून इथंच राहायला आली. राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर तिच्या पसंतीस उतरलं नाही. ते काढून तिनं जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेलं, कुणालाही फुकट मिळणारं फर्मवेअर घातलं. "बाबा, डबा आपला, मग आत काय चाललंय ते आपल्याला दिसायला नको?" म्हणाली. मला एकदम पटलं. आम्ही दोघं तासन्‌तास त्या स्क्रीनसमोर डोकी जोडून बसायचो. बायको पलंगावरून म्हणायची, "बापलेकीला खेळणं मिळालं."

मग बायको गेली. मुलगी मोठ्या दवाखान्यात हलवूया म्हणत होती आणि मी नको म्हणत राहिलो होतो. चार दिवसांनी ती म्हणाली, "तुमच्या हट्टानं आई गेली." मी म्हटलं, "मग हट्टी माणसाच्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." तिनं खरंच टाकलं नाही. या गोष्टीला तीन वर्षं झाली. हट्ट तिनं कुणाकडून उचललाय हे सांगायला नको.

गेल्या शनिवारी राउटरवर नवी आवृत्ती चढवायची ठरवलं. जुनी फार मागे पडली होती, वायफाय सारखं तुटत होतं. दोन दिवस वाचन केलं. मॉडेलच्या नंबरात एक अक्षर चुकलं तरी राउटर कायमचा मरतो, त्याची वीट होते म्हणतात, म्हणून मी भिंग घेऊन खालचं लेबल तीनदा वाचलं.

फाइल चढवण्याआधी सहज आतली यादी उघडली. मुलीनं प्रत्येक यंत्राला नाव दिलेलं होतं. 'बाबा-मोबाइल', 'स्वयंपाकघर-रेडिओ', 'आई-टॅब'. शेवटचं तीन वर्षांत एकदाही लागलं नव्हतं. त्याखाली बाहेरून, इंटरनेटवरून घरच्या राउटरमध्ये येणाऱ्यांची वेगळी यादी होती, तिच्यात एकच ओळ. नाव नाही, नुसती किल्लीची लांबलचक अक्षरं. नोंदी पाहिल्या तर रोज सकाळी सहा वाजून गेले की हे कुणीतरी बाहेरून येतं, मिनिटभर थांबतं आणि जातं.

माझं डोकंच फिरलं. माझ्या घरात रोज चोर शिरतोय आणि मी शेजारच्या खोलीत चहा पितोय!

नवं फर्मवेअर चढवताना स्क्रीन विचारते, जुन्या सेटिंग्ज ठेवायच्या का? मी तिथली बरोबरची खूण पुसली. आधी सगळ्याची प्रत काढून ठेवा, असा सल्लाही होता. चोराचा फोटो कशाला जपायचा, म्हणून तेही केलं नाही. चार मिनिटं दिवा लुकलुकत होता. वीज जाऊ नये म्हणून मी श्वास रोखून उभा होतो, जणू माझ्या श्वासानंच फ्यूज उडणार होता. मग दिवा हिरवा झाला. माझी मीच पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मेहुणीचा फोन आला.

"भावोजी, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? का गं?"

"नाही, सहजच."

इतक्या सकाळी सहज फोन करणारी ही बाई नव्हे. पण माझ्या पोटात फुशारकी मावत नव्हती. मी म्हटलं, "अगं, काल एक चोर पकडला. रोज सकाळी गुपचूप घरात यायचा. असा हाकलला की पुन्हा यायचं नाव घेणार नाही!"

मग मेहुणी हळूच म्हणाली, "चोर नव्हता तो, भावोजी. तुमची लेक होती. सकाळी तुमचा मोबाइल आणि रेडिओ लागलेला दिसला की बाबा उठले असं तिला कळायचं. मगच कामाला जायची. आज दार उघडेना म्हणून रडत मला फोन केलान."

तिनं सगळ्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. स्वतःला कोण लावतं?

"तिला सांग, मला माहीत नव्हतं."

"दुसऱ्या फोनवर आहे ती. सगळं ऐकलं तिनं." मग जरा थांबून, "होती. आता ठेवला."

मी दिवसभर त्या डब्यासमोर बसून होतो. जुनी किल्ली राउटरच्याच पोटात होती आणि मी ते पोट धुऊन काढलं होतं. संध्याकाळपर्यंत खटपट करून नवी किल्ली बनवली आणि मेहुणीकडे पाठवली. तासाभरानं तिचा निरोप आला: "नको म्हणाली. म्हणे, बाबांना मी हवी असेन तर बाबा फोन करतील. हा घ्या तिचा नवा नंबर."

तीन वर्षांत मी नंबर मागितलाही नव्हता. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. माझं चुकलं. तुझ्या आईच्या बाबतीतही चुकलं. घरी ये. एवढंच. दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं, दोन्ही वेळा रडू आलं. मग डोळे पुसले, खाकरलो आणि नंबर लावला.

दुसऱ्याच रिंगला तिनं उचलला. "बाबा?"

कागद हातात होता. अक्षरं दिसत होती. एकतीस वर्षं अनोळखी घरांत फोन लावून जे बोलत आलो तेच तोंडातून बाहेर पडलं.

"लाइन तपासतोय."

तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"नीट आहे?" तिनं विचारलं.

"नीट आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.