खोक्यांची गाडी

झुंबरबाई नातवंडं न्यायला आली होती, आणि तिनं एकदा मनात घेतलं की ते बदलणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमत नसे. नांदगावजवळच्या आपल्या गावाहून ती सकाळच्या गाडीनं निघाली, मनमाडच्या अलीकडच्या एका बारक्या स्टेशनावर उतरली आणि रुळाच्या कडेनं चालत धाकट्या लेकाच्या फाटकाकडं निघाली. काखेत गाठोडं होतं. त्यात तिळगुळाचा डबा, पोरांसाठी शिवलेल्या दोन कुंच्या आणि दोन रिकाम्या पिशव्या. पिशव्या पोरांचे कपडे भरायला. संध्याकाळच्या नांदगावच्या गाडीनं पोरांसकट परत फिरायचं, असा बेत ठरलेला होता.

धाकटा लेक देवराम रेल्वेचा फाटकवाला होता. मंदीचे दिवस, कंपनी माणसं कमी करत होती. त्यात याची नोकरी टिकली हेच नशीब म्हणायचं. पण नोकरीबरोबर मिळालेलं घर म्हणजे रुळाला खेटून उभी असलेली एक दगडी खोली. त्या खोलीत देवराम, त्याची बायको मैना, चार वर्षांची भागी आणि नुकताच पायावर उभा राहिलेला गोरक्ष अशी चार माणसं राहत. दसऱ्याच्या सुमारास हा गोरक्ष रांगत रांगत थेट रुळावर जाऊन बसला आणि खडी वेचून तोंडात घालू लागला. देवरामनं धावत जाऊन त्याला उचललं तेव्हा गाडीची शिटी ऐकू येत होती.

त्या दिवशी देवरामला घास गिळवला नाही. बाजाराला निघालेल्या माणसाबरोबर त्यानं आईला निरोप धाडला, की पोरांना घेऊन जा, कळती होईतो तुझ्याकडंच राहू दे. मैनानं रडारड केली नाही. ती एवढंच म्हणाली, "संक्रांतीपर्यंत थांबा. तवर हे घर पोरांजोगं झालं नाय, तर मी माझ्या हातानं त्यांचे कपडे बांधून देईन."

संक्रांत होऊन गेली होती. हाताशी पैसा नसताना एकटी बाई दगडी खोलीचं काय सोनं करणार, हे झुंबरबाईला ठाऊक होतं. शिवाय खरं सांगायचं तर तिला पोरं हवीच होती. थोरल्याच्या घरी पाळणा हलला नव्हता, अंगण खायला उठत होतं. कुंच्या शिवताना तिच्या डोळ्यांपुढं गोरक्ष त्या अंगणात पळत होता.

फाटकाशी पोचली आणि ती थबकली. आपण भलतीकडं आलो की काय? गेल्या वेळी उघडीबोडकी दिसलेली खोली आता कुंपणाआड गेली होती. रेल्वेच्या हद्दीवर घायपात माजलेलं असतं, त्याची पिल्लं उपटून मैनानं घराभोवती ओळीनं लावली होती. दोन झाडांच्या मधे बोराटी खोवली होती, आणि पोरांना काटा लागू नये म्हणून आतल्या अंगानं तुराट्यांचा कूड बांधून तो शेणामातीनं लिंपला होता. आत जायला तुराट्यांचीच ताटी होती. ताटीला वर, पोराचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, दोराचा फास होता.

"या, आत्याबाई," म्हणत मैनानं फास काढला, पाया पडली, आणि सासू आत येताच फास परत अडकवला. "जाता-येता तेवढी ताटी लावत चला बरं का."

झुंबरबाईला ते झोंबलं. तिच्या गावात दिवसाउजेडी अंगण कुणी लावून घेत नसे. लावलं तर लोक विचारायला येत, घरात कोण गेलं म्हणून. पण आल्या आल्या तोंड कशाला वाजवा? आत जाऊन खोट काढायला भरपूर वाव असणार होता.

तशी ती कंबर कसूनच घरात शिरली. पहिल्यांदा तिनं भुईला पाय घासून पाहिला. गेल्या पावसाळ्यात इथं ओल यायची, पोरं खोकायची. आता भुई खणखणीत कोरडी होती. इंजिनं रुळाकडेला टाकून जातात ती जळक्या कोळशाची खडी मैनानं पाटीपाटीनं आणली होती, चोपून बसवली होती आणि वरून सारवलं होतं. भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या. चुलीला गुडघ्याएवढी मातीची आडभिंत, म्हणजे रांगतं पोर जाळाशी जाऊ नये. घासलेटच्या डब्यांची देवदारी खोकी येतात, त्यांच्या फळ्यांची मांडणी, आणि मांडणीवर राखेनं घासलेली चार भांडी. चारच, पण तोंड दिसावं अशी.

"फळ्या कुठून आल्या?" झुंबरबाईनं विचारलं.

"मनमाडच्या दुकानदाराला दोर वळून दिले, त्यानं खोकी दिली."

"दोर? तुला कुठं येतात दोर वळता?"

"पलीकडच्या वस्तीवरच्या कुसाबाईनं शिकवलं. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, ठेचायची, त्याचा वाख निघतो. हाताला खाज लय सुटती, पण दोर मजबूत व्हतो."

"आपल्यात कुणी केलं व्हतं का गं हे काम?" झुंबरबाईनं नाक मुरडलं.

"आपल्यात कुणी रुळाकडंला पोरं बी वाढवली नव्हती, आत्याबाई," मैना म्हणाली, आणि चुलीकडं वळली. उर्मटपणा म्हणावा तर आवाज मऊ होता.

मग तिला कोपऱ्यात गोधडी दिसली. जुन्या लुगड्याच्या गोधडीवर मधोमध हिरवे आणि लाल तुकडे जोडलेले. झुंबरबाईनं ती हातात घेतली मात्र, तिचा जीव दचकला. "देवराम! अरे, बायकोनं कंपनीचे झेंडे फाडले!"

देवराम दारातनं हसला. "इटलेले झेंडे हायेत, आये. नवा देताना सायेब जुन्याची दांडी मोजून घेतो. फडकं कोण विचारतो?"

तर असं. खोट काढायला आलेली झुंबरबाई खोलीभर फिरली आणि मोकळ्या हातानं बाहेर आली. तिच्या मनात कौतुक दाटलं होतं, पण ते ओठांवर आणायला तिची जीभ राजी नव्हती. सुनेचं कौतुक म्हणजे पिशव्या रिकाम्या परत न्यायच्या, हे तिला कळत होतं. आणि कितीही लिंपलं-पोतारलं तरी रूळ काही तिथून उठून जाणार नव्हते. तिनं पिशव्या काढून ओट्यावर ठेवल्या.

मैनानं त्या पाहिल्या. तिचा चेहरा उतरला. घागर उचलून म्हणाली, "पाणी घेऊन येते. पोरांकडं बघा तेवढं."

पोरं अंगणात खेळत होती. झुंबरबाई ओट्यावर बसली, दाताला मिश्री लावली. तेवढ्यात फाटकाशी कांद्याची गाडी आली. गाडीवान नामपूरकडचा, झुंबरबाईच्या माहेरच्या वाटेवरचा. दोन शब्द बोलावे म्हणून ती उठली, फास काढला, बाहेर गेली. ताटी तिनं तशीच टाकली. मुद्दाम नव्हे. सारा जन्म उघड्या अंगणात गेलेल्या बाईच्या हाताला मागं वळून दार लावायची सवयच नव्हती.

माहेरचा विषय निघाला की झुंबरबाईच्या बोलण्याला गाठ बसत नसे. कांद्याचा भाव झाला, गाडीवानाच्या मामीचं दुखणं झालं. तोवर स्टेशनाकडचा सिग्नल पडला. देवरामनं एकीकडचं फाटक ओढलं, रूळ ओलांडून दुसरीकडचं ओढलं आणि साखळ्या खणखणल्या. मालगाडी येत होती. मालगाडीला वेळकाळ नसतो.

साखळीच्या आवाजानं झुंबरबाईनं सहज मागं पाहिलं. ताटी सताड उघडी होती. ताटीतनं दिसणारं अंगण रिकामं होतं.

"गोरख!" ती ओरडली. "भागे!"

शिटीत तिचा आवाज बुडाला. ती कुंपणाच्या कडेनं रुळाकडं पळाली. रूळ दोन्हीकडं लांबवर पसरलेले, खडीचे ढीग, झुडपं, कुठल्या ढिगाआड पोर बसलंय कोण जाणे. देवराम रुळापलीकडं गाडीकडं तोंड करून झेंडा धरून उभा होता, त्याला इकडलं काही दिसत नव्हतं. इंजिन अंगावर आलं. झुंबरबाईनं हाताला लागेल ते धरलं, ते घायपात होतं, आणि त्याचा काटा तळव्यात गेलेला तिला कळलाही नाही. तिनं डोळे मिटून घेतले. डबे धडधडत जात होते, आणि ती खंडेरायाला सांगत होती की मला ने, माझं जगून झालंय.

गाडी संपली. धूळ खाली बसली. आणि घराच्या कोपऱ्याआडून घुंगरू वाजलं.

ताटीतनं आत शिरून, कोपरा वळून झुंबरबाई पाहते तर तिथं, वळचणीखाली, दोन देवदारी खोकी एकापुढं एक दोरानं बांधलेली. पुढच्या खोक्याला बूड नसलेल्या टमरेलाचं धुराडं, बाजूला चुन्यानं काढलेली चाकं, खाली मऊ गोणपाट. पुढं भागी बसली होती, घुंगराची दोरी ओढत. मागच्या खोक्यात गोरक्ष होता आणि विटका हिरवा झेंडा तोंडात घालून चघळत होता. कुडात त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक झरोका ठेवलेला होता, त्यातून मालगाडीचा शेवटचा डबा अजून दिसत होता.

"आजी, बाजूला सरक," भागी म्हणाली. "आमची गाडी अजून थांबली नाय."

झुंबरबाई भुईवर बसली. "तू... तुम्ही इथंच होता?"

"साखळी वाजली ना! साखळी वाजली की आमची गाडी सुटती. गोरख आधी येऊन बसतो. त्याला गूळ पायजे असतो."

मैना पाण्याच्या वाटेवरून धावत आली. तिनंही उघडी ताटी लांबूनच पाहिली होती. घागर वाटेतच टाकली होती, लुगडं भिजलं होतं. पोरांना जागेवर पाहून तिनं भिंतीला हात टेकला आणि श्वास घेतला. मग कमरेच्या पिशवीतून गुळाचे दोन खडे काढून दोघांच्या हातावर ठेवले, परत गेली आणि ताटीचा फास लावून आली.

"ताटी मी उघडी टाकली," झुंबरबाई म्हणाली. "मला सांगितलं असताना. मैना, आज माझ्या हातून..."

"असू द्या, आत्याबाई. ताटी कधीतरी उघडी राह्यची. माझ्याकडनं बी राह्यली व्हती, कुंपण झालं त्याच आठवड्यात." मैनानं पदरानं तोंड पुसलं. "तवा कळलं, नुसत्या कुंपणानं भागायचं नाय. पोराला रुळावर जाऊ नको म्हटलं की ते रुळावरच जातंय. त्याला गाडी आवडती. मग म्हटलं, गाडी इथंच करू. साखळी वाजली की मी दोघांना उचलून हिच्यात बसवायची, हातावर गूळ द्यायची. लय दिवस उचलून बसवलं. आता आपली आपण येतात."

झुंबरबाई सुनेकडं पाहत राहिली. सहा लेकरं वाढवली होती तिनं, दोन मातीत घातली होती. पोरांवर ओरडणं, धाक घालणं, एखादी चापट देणं, यापलीकडं काही असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ही पोर, घासलेटच्या खोक्यात मायेचं केवढं शहाणपण बांधून बसली होती! झुंबरबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पुसलीही नाही.

"मैना," ती म्हणाली, "मी आज मेले असते गं. माझी नातवंडं तू राखलीस. तू हितं नसतानाबी राखलीस."

मैना तिच्याजवळ बसली, तिचा तळवा हातात घेतला आणि काटा काढू लागली.

उन्हं कलली तसा देवराम आला. झाला प्रकार त्याला कुणी सांगितला नव्हता. तो खाली मान घालून म्हणाला, "आये, स्टेशनापत्तोर चालायचंय. पोरांचं आवरलं का?"

मैना उठली. सासूला घर पटलं नसेल, तर दिलेला शब्द ती मोडणार नव्हती. ती ओट्याकडं गेली, पण पिशव्या तिथं नव्हत्या.

त्या झुंबरबाईच्या हातात होत्या. तिनं एक पिशवी घडी करून पुढच्या खोक्यात घातली, दुसरी मागच्या खोक्यात. "लाकूड टोचतंय पोरांना," ती म्हणाली. "बाकी गाडीत खोट नाय."

"आणि तुझं जाणं?" देवरामनं विचारलं.

"जाईन की. मला काय गाड्यांची वाण हाय? दोर वळायचं शिकते, मग जाईन. आणि तू असा उभा काय राह्यलास? गाडीची वेळ झाली, फाटक लाव जा."

देवराम गेला. जाताना त्यानं ताटीचा फास दोनदा चाचपून पाहिला. थोड्या वेळानं साखळ्या खणखणल्या आणि गोरक्ष लडबडत आला, खोक्यात चढला. भागी पुढं बसली. मग तिनं मागं वळून आजीकडं पाहिलं आणि खोक्यामागची जागा दाखवली. झुंबरबाई गुडघे धरत तिथं गोणपाटावर टेकली आणि खोक्याला बांधलेला दोर तिनं दोन्ही हातांनी धरला.

"आजी, तिकीट?" भागीनं हात पुढं केला.

झुंबरबाईनं तिळगुळाचा डबा उघडला आणि एक लाडू तिच्या तळव्यावर ठेवला, दुसरा गोरक्षाच्या. भागीनं घुंगरू वाजवलं. झरोक्यातून नांदगावची गाडी गेली, एकेक डबा करत, आणि गोरक्षानं तिला हिरवा झेंडा दाखवला.