चारशे त्र्याऐंशी टाके

“शून्य साल नव्हतंच मुळी,” सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लॅबवाले काका रक्ताच्या नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या डकवत होते. इस्पितळाच्या या प्रयोगशाळेत त्यांची चोवीस वर्षं गेली होती आणि त्यातली एकोणीस वर्षं दर रविवारी चर्चमागच्या खोलीत ते बायबलचा अभ्यासवर्ग घेत होते. दानीएलाची भविष्यवाणी हा त्यांचा जीव की प्राण. यरुशलेम पुन्हा बांधण्याच्या हुकुमापासून मसीहा, म्हणजे येशू, आपल्या कार्याला लागेपर्यंत चारशे त्र्याऐंशी वर्षं. हुकूम इसवी सनापूर्वी ४५७ चा धरून त्यांनी भिंतभर तक्ता केला होता. उत्तर, इसवी सन २६. कामाच्या ओघात त्यांनी आज तो हिशेब बाईंना ऐकवला होता.

“इसवी सनापूर्वी एक संपलं की लगेच इसवी सन एक. मध्ये काही नाही. तुम्ही सरळ वजाबाकी केलीत, काका. सत्तावीस हवं.”

काका हसले. मग बोटांवर मोजू लागले आणि हसू विरून गेलं. ‘एकही वर्ष इकडचं तिकडे नाही’ हे वाक्य त्यांनी वर्गात किती वेळा ठासून सांगितलं होतं, त्याला गणती नव्हती.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. एका वर्षाने काय आभाळ कोसळतं, असं तिचं म्हणणं पडलं. वर्गात माणसं नऊ, त्यातली चार डुलक्या काढतात.

“पेशंट झोपलाय म्हणून चुकीचा रिपोर्ट उशाशी ठेवून येतात का?” काका म्हणाले.

प्रयोगशाळेचा तो रिवाजच होता. रिपोर्ट चुकला तर शिपायाला धाडायचं नाही. ज्याने सही केली त्यानेच खाटेपाशी जायचं, चूक कबूल करायची आणि जुना कागद परत मागून घ्यायचा. काकांनी ही पायपीट चार वेळा केली होती. दर वेळी पाय जड झाले होते, पण आजच्याइतके नाहीत. कारण वर्गात शिंपीणताई होत्या.

नवरा गेल्यावर ताईंनी चर्चची पायरी सोडली होती. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी ओढून आणलं म्हणून त्या वर्गात आल्या आणि तक्त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. “एवढं मापात असेल तर बाकीचंही खरं असेल,” इतकंच म्हणाल्या. पुढे एक रविवार चुकवला नाही. आता तेच माप चुकलं म्हटल्यावर त्या पुन्हा पायरी उतरतील, ही धास्ती काकांना आठवडाभर पोखरत राहिली.

रविवारी त्यांनी प्रस्तावना केली नाही. तक्त्यापाशी उभं राहून सांगितलं, की सव्वीस चूक आहे, सत्तावीस बरोबर आहे, आणि ही चूक दुसऱ्या कुणाची नाही, त्यांचीच आहे. मग तक्ता भिंतीवरून उतरवला. डुलक्या काढणारेसुद्धा जागे झाले.

“मला ठाऊक होतं,” शिंपीणताई म्हणाल्या.

काकांनी हातातला तक्ता भिंतीला टेकवून ठेवला.

“पहिल्याच वर्षी कळलं, भाऊ. मला आकडे कळत नाहीत, कापड कळतं. पडद्याच्या लांब काठावर वर्षाला एक अशा खडूच्या खुणा केल्या, आणि एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत एक टाका. चारशे त्र्याऐंशी टाके घातले. शेवटचा सत्तावीसवर उतरला. म्हटलं, आपलंच चुकलं असेल. उसवलं, पुन्हा घातलं. तेच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्हाला एक ना एक दिवस सापडणार होतं. सापडल्यावर सांगता की झाकता, ते बघायचं होतं.”

“आणि झाकलं असतं तर?”

“तर काय. आले असते तशीच, आणि मागे बसून स्वेटर विणला असता.”

सगळ्यात मोठ्याने हसले ते वर्गातले निवृत्त पोस्टमन. हसता हसताच त्यांनी आपली जुनी शंका पुढे केली. देवाने सूर्य केला चौथ्या दिवशी, मग पहिल्या दिवशीचा उजेड कुठला? या प्रश्नावर काकांकडे तीन उत्तरं तयार असायची, क्रमांक घालून.

“मला ठाऊक नाही,” काका म्हणाले. “वाचून बघू या. पहिल्यापासून.”

शिंपीणताईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. काका त्या जागी बसले. पोस्टमननी चष्मा पुसला, ओळीखाली बोट धरलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत वाचायला सुरुवात केली. समोरच्या भिंतीवर तक्त्याएवढा एक चौकोन उरला होता, बाकीच्या रंगापेक्षा उजळ.