लाल दिवा आणि वाहवा

हे तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. पण स्वरूपाचा नवा अल्बम पुरा झाला तो माझ्या घशामुळे. तिच्या नव्हे, माझ्या!

स्वरूपा माझी पुतणी. न्युरेम्बर्गला दिवसभर गिअरबॉक्सशी झटापट करते आणि शुक्रवारी संध्याकाळी बारमध्ये ब्लूज गाते. गाते म्हणजे काय, सूर असा पिळते की जर्मन माणसंही बिअर खाली ठेवतात. तिच्या मनात आलं, जुनी अमेरिकन कंट्री गाणी रेकॉर्ड करायची. घोडे, आगगाड्या, सोडून गेलेल्या बायका, असलं सगळं. त्यासाठी तिनं आमच्या घराजवळच्या उंटरश्लाइसहाइम गावात एका तळघरातला स्टुडिओ घेतला. मी आणि माझी बायको सुधा गार्चिंगच्या घरून थालीपिठांचा डबा घेऊन हजर.

आता गाण्याला बसलं की दाद द्यायची, ही आपली रीत. पहिल्याच गाण्यात तिनं एक जागा अशी घेतली की माझ्या तोंडून निघून गेलं, "क्याऽऽ बात है!"

रेकॉर्डिंगवाल्या क्रामरनं यंत्र थांबवलं आणि भिंतीवरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. पुढच्या वेळी मी "जियो" म्हणालो. त्याच्या पुढच्या वेळी नुसतं "च्च" केलं, तर तेही माइकनं पकडलं.

"काका, प्लीज!" स्वरूपा हात जोडत म्हणाली. "एकच गाणं राहिलंय. सहाला दुसरा बँड येणार. आज झालं नाही तर ते गाणं अल्बममधून गेलं."

"अगं, मी बोललो कुठे? श्वास सोडला."

"तुमचा श्वास माइकला माझ्यापेक्षा मोठा ऐकू येतो!"

क्रामरनं मला बाहेर जिन्यात बसवलं. सुधा आतच राहिली. ती उभ्या जन्मात कुणाला दाद देत नाही, मला तर नाहीच. मी दाराला कान लावला. काय सांगू, गाणं पार आटलं होतं. दाद देणारं कुणी नाही, तर गाणारीनं गावं कुणासाठी? गाडी उशिरा येत असल्याची प्लॅटफॉर्मवर सूचना द्यावी, तशी पोरगी विरह गात होती. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी क्रामर म्हणाला, "आल्झो, तर मग हे गाणं सोडून देऊ." स्वरूपानं रडवेल्या आवाजात अजून एक संधी मागितली.

मग मात्र मला राहवेना. शेवटचं कडवं जवळ आलं तसं दार ढकललं आणि छाती भरून "आऽऽहा, वाहवा!" अशी दिली की क्रामरच्या चष्म्याला तडा गेला. पलीकडच्या शेतातला घोडा मटकन खाली बसून ढसाढसा रडला. आणि स्वरूपा? तिनं पुढचा सूर असा पिळला की बस! क्रामर फुटक्या चष्म्याआडून डोळे पुसत म्हणाला, "गेनाऊ! अगदी हेच हवं होतं. वाहवासकट ठेवू."

परवा हीच हकीकत मी जेवायला आलेल्या मल्हारला सांगत होतो. हा मुलगा इथं ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट करतो. म्हणजे विश्वास न ठेवणं हाच त्याचा धंदा. त्यानं लगेच फोनवर ते गाणं लावलं. शेवटचं कडवं जवळ आलं आणि वाहवा आली, अगदी खणखणीत. मी मिशीवरून हात फिरवला.

मल्हारनं गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग आमटी वाढणाऱ्या सुधाकडे रोखून पाहिलं. ती एकाएकी वाटीत फारच लक्ष घालून वाढू लागली होती.

"ओ काका, काय थापा मारताय!" तो ओरडला. "हा तर काकूंचा आवाज आहे!"